रेंज नसलेल्या गावची नोंदवही

‘रेंज नाही’ हे दोन शब्द आता इतके रुळले आहेत की आमच्या गल्लीतली चार वर्षांची पोरं भातुकलीतल्या फोनवर बोलतानासुद्धा ते म्हणतात. आमच्या लहानपणी ‘तार पोचली नाही’ म्हणत, नंतर ‘ट्रंक कॉल लागत नाही’ म्हणू लागले. शब्द बदलले, अडचण तीच राहिली. या अडचणीचा थोडा इतिहास आज लिहायचा आहे. निमित्त माझ्या भाच्याचं.

हा भाचा पुण्यात मोबाईलसाठी सॉफ्टवेअर तयार करतो. दिवाळीत भिवंडीला आला तेव्हा त्याचं घोडं एका जागी अडलेलं होतं. म्हणाला, “मावशी, दहा माणसं दहा गावांत एकच काम करतायत. फोनला दिवसदिवस रेंज नसते. संध्याकाळी कुठेतरी रेंज आली की सगळ्यांच्या नोंदी एकत्र येतात आणि एकमेकींशी भांडतात. कोणाचं खरं धरायचं?”

मी म्हटलं, “अरे, आम्ही जनगणना केली ती काय रेंजवर केली?”

त्याला वाटलं मी थट्टा करते आहे. पण मी गंभीरपणेच बोलत होते. १९८१ आणि १९९१ या दोन्ही जनगणनांना मी प्रगणक होते. (शिक्षकी पेशाचे हे फायदे! निवडणूक असो, जनगणना असो, सरकारला आधी आमचीच आठवण येते.) मग त्याला सगळं सविस्तर सांगितलं, आणि सांगता सांगता माझ्याच लक्षात आलं की ज्याला तो आज ‘डिझाईन’ म्हणतो ते त्या पिवळट कागदांच्या गठ्ठ्यात पूर्ण तयार होतं. फक्त त्याला कोणी तसं नाव दिलेलं नव्हतं.

पहिली गोष्ट हद्दीची. प्रत्येक प्रगणकाला एक गट नेमून दिलेला असे आणि त्याचा हाताने काढलेला नजरी नकाशा असे. उत्तरेला नाला, पूर्वेला मशिदीची गल्ली, दक्षिणेला अमुक कारखान्याची भिंत. माझ्या हद्दीतलं घर शेजारच्या बाईंनी मोजायचं नाही, त्यांच्यातलं मी मोजायचं नाही. एवढं पाळलं की आम्हा दोघींना एकमेकींशी बोलायची गरजच उरत नसे. भिवंडीसारख्या गावात, जिथे एका चाळीत माग, राहणं आणि झोपणं तिन्ही चालतं, तिथे ही हद्द ठरवणं हेच निम्मं काम होतं.

दुसरी गोष्ट वेळेची. घरोघर जाण्याचं काम ९ ते २८ फेब्रुवारी असं वीस दिवस चाले. मी एखाद्या घरी १२ तारखेला जाऊन आले आणि २० तारखेला तिथे बाळंतपण झालं, तर ते बाळ मोजायचं की नाही? यासाठी सबंध देशाला एकच क्षण ठरवून दिलेला होता : १ मार्चचा सूर्योदय. १ ते ५ मार्च या दिवसांत पुन्हा फेरी मारायची. सूर्योदयाच्या आधी जन्मलेलं बाळ वाढवायचं, आधी गेलेला माणूस कमी करायचा, नंतर जे झालं त्याकडे दुर्लक्ष करायचं. आणि ज्यांना घर नाही, म्हणजेच हद्द नाही, त्यांना मात्र २८ फेब्रुवारीच्या एकाच रात्री सगळीकडे मोजायचं, म्हणजे इथला माणूस तिथे दुसऱ्यांदा मोजला जायला नको.

किती साधी युक्ती आहे पाहा. लाखो माणसं एकमेकांशी एक शब्दही न बोलता एकाच वहीत लिहीत होती, आणि बहुतांशी ते जुळतही होतं. भाचा म्हणाला, संगणकशास्त्रात हाच वेळेचा प्रश्न लेस्ली लॅम्पोर्ट नावाच्या गणितज्ञाने १९७८ साली मांडला : दोन यंत्रांची घड्याळं जुळत नसतील तर कुठली घटना आधी घडली हे कसं ठरवायचं? मोबाईलवरही तो रोज उभा राहतो, कारण एखाद्याच्या फोनची तारीखच चुकीची असते. आम्ही घड्याळाच्या भानगडीत न पडता सूर्याला साक्षी ठेवलं होतं. (पुढे सूर्योदयही गेला. २००१ पासून मध्यरात्रीचा ठोका धरतात. १६ जून २०२५ च्या अधिसूचनेने पुढच्या जनगणनेसाठी १ मार्च २०२७ ची मध्यरात्र ठरवली, बर्फाळ प्रदेशांसाठी १ ऑक्टोबर २०२६. ही गणना कागदाऐवजी मोबाईलवर करायचं ठरलं.)

पण जनगणना दहा वर्षांतून एकदा येते, लिहिलं की गठ्ठा बांधून वर पाठवला की आपण सुटलो. परत आपल्याकडे काही येत नाही. रोजच्या रोज जे काम चालतं, ज्यात आज लिहिलेलं उद्या आपल्यालाच वाचावं लागतं, ते जास्त अवघड. आणि अशा कामाचं महाराष्ट्रातलं सगळ्यात मोठं उदाहरण आपल्याच जुन्या ठाणे जिल्ह्यात जन्मलं. अंगणवाडी.

१९४५ साली ताराबाई मोडकांनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. अनुताई वाघ त्यांना तिथे येऊन मिळाल्या. बालवाडी उघडली तरी वस्तीतली गरिबांची मुलं तिथवर येईनात, तेव्हा ताराबाईंनी शाळाच त्यांच्या अंगणात नेली. अंगणवाडी हा शब्द तिथला. १९५७ साली हे काम कोसबाडच्या टेकडीवर, वारल्यांच्या मुलखात गेलं. तिथली मुलं गुरं राखायला जात, म्हणून शाळा त्यांच्या मागोमाग कुरणात गेली, ती कुरणशाळा. आमच्या डी.एड.च्या वर्गात या दोघींचं नाव इतक्या वेळा निघे की आम्ही कंटाळायचो. आता वाटतं, त्यांचं खरं म्हणणं आम्हाला तेव्हा कळलंच नव्हतं. मूल जिथे आहे तिथे व्यवस्थेने जायचं. मुलाने व्यवस्थेपाशी यायचं नाही.

हा शब्द मग सबंध देशाने उचलला. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली, तीही अवघ्या ३३ प्रकल्पांत. सेविका, मदतनीस, त्यांच्यावर पर्यवेक्षिका (एकीकडे साधारण वीस-पंचवीस अंगणवाड्या), तिच्यावर बालविकास प्रकल्प अधिकारी. सहा वर्षांखालची मुलं, गरोदर बायका, स्तनदा माता. आहार, लसीकरण, वजन, आरोग्य तपासणी, पूर्वप्राथमिक शिक्षण. आणि हे सगळं लिहून ठेवायचं.

लिहून ठेवण्याचं काम पुढे वाढतच गेलं. २०१२ च्या सुमारास नोंदवह्यांची नव्याने आखणी झाली तेव्हा त्या ११ होत्या. कुटुंब सर्वेक्षणाची एक, आहाराच्या साठ्याची एक, वाटपाची एक, पूर्वप्राथमिक शिक्षणाची, गरोदरपण व प्रसूतीची, लसीकरणाची, जीवनसत्त्व अ ची, संदर्भसेवेची, गृहभेटींची, महिन्याच्या गोषवाऱ्याची आणि मुलांच्या वजनाची. महिना संपला की सेविका गोषवारा काढणार, पर्यवेक्षिका तिच्या पंचवीस अंगणवाड्यांचे गोषवारे एकत्र करणार, ते प्रकल्प कार्यालयात जाणार, तिथून जिल्ह्याला. एखाद्या पाड्यावरच्या मुलाचं वजन आज घसरलं तर ‘वर’ ते कळायला महिना-दीड महिना. आणि तोवर ते मूल एका आकड्यात विरघळून गेलेलं असे.

या विरघळण्याची किंमत आपल्या जिल्ह्याने मोजली आहे. १९९२ साली जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत मुलं दगावली तेव्हा वर्तमानपत्रांनी ते बाहेर काढलं. नोंदवह्यांतून ते वर चढलं नाही. पुढे २००१ साली डॉ. अभय बंग आणि इतर अनेक संस्थांनी मिळून ‘कोवळी पानगळ’ हा अहवाल प्रसिद्ध केला. त्यातलं मुख्य म्हणणं हेच होतं की गावात प्रत्यक्ष मोजलेले बालमृत्यू आणि सरकारी कागदावरचे बालमृत्यू यांत फार मोठी तफावत आहे. ज्या मुलाची नोंद झाली नाही त्याच्यासाठी उपाय तरी कोण करणार? तेव्हा नोंदवही ही रुक्ष गोष्ट आहे असं कोणी म्हणालं की मला राग येतो.

आता मोबाईलकडे येते.

रेंज नसताना काम कसं चालू ठेवायचं याचा विचार मोबाईलच्या आधीपासून होत होता. अमेरिकेत पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात महादेव सत्यनारायणन या आपल्याकडच्या (मद्रास आयआयटीत शिकलेल्या) प्राध्यापकांनी १९८७ साली ‘कोडा’ नावाची प्रणाली हाती घेतली. तिच्यात तीन अवस्था होत्या. तार जोडलेली आहे तोवर लागणारं सगळं जवळ साठवून ठेवायचं. तार तुटली की जवळच्या साठ्यावर, काही झालंच नाही अशा थाटात, काम निभवायचं. तार पुन्हा जुळली की दोन्हीकडचं एकमेकांशी मेळवायचं. भाच्याने हे सांगितलं तेव्हा मला हसूच आलं. पावसाळ्याआधी लाकूडफाटा, मीठ-मिरची भरून ठेवणाऱ्या कुठल्याही कोकणी बाईला यातलं पहिलं आणि दुसरं शिकवावं लागणार नाही. अडतं ते तिसऱ्यापाशी.

या शतकाच्या सुरुवातीला आणखी एक गमतीचा प्रयोग झाला. बंगळूरजवळच्या दोड्डबळ्ळापूर तालुक्यात एका बसवर यंत्र बसवलं. बस गावात आली की गावातल्या संगणकातले अर्ज-निरोप बिनतारी पद्धतीने बसमध्ये उतरत, आणि बस तालुक्याला पोचली की तिथून पुढे जात. नाव ठेवलं ‘डाकनेट’. तार नाही तर नाही, चाकं तर आहेत! आपल्याकडे एसटीने वर्तमानपत्रांचे गठ्ठे आणि वाटेवरच्या शाळांचे लिफाफे वर्षानुवर्षं याच तत्त्वावर नेले. अंगणवाडीत ती बस म्हणजे पर्यवेक्षिका.

२००८ साली टांझानियात आरोग्यसेविकांसाठी ‘कॉमकेअर’ नावाचं सॉफ्टवेअर साध्या बटणांच्या फोनवर चालू झालं. डिमॅगी नावाच्या अमेरिकन कंपनीचं ते काम. मुळात ते रेंज नसणार असं गृहीत धरूनच लिहिलेलं होतं. हे वाक्य पुन्हा वाचा, कारण सगळी मेख तिथे आहे. रेंज असणार असं धरून लिहिलेलं सॉफ्टवेअर रेंज गेली की गोल गोल फिरत बसतं आणि माणसाला खोळंबून ठेवतं. रेंज नसणार असं धरून लिहिलेलं सॉफ्टवेअर माणसाचं काम आधी पूर्ण होऊ देतं, नोंद त्याच्या फोनमध्ये पक्की करतं, आणि पाठवण्याचं ओझं स्वतःच्या डोक्यावर घेतं. नोंद झाली की झाली. पोचली की नाही हा वेगळा प्रश्न, तो सेविकेचा नाही.

याच पायावर भारतातल्या अंगणवाड्यांसाठी ‘कॅस’ हे ॲप तयार झालं. गेट्स फाउंडेशनची त्याला मदत होती. ८ मार्च २०१८ ला पोषण अभियान सुरू झाल्यावर ते वेगाने पसरलं, आणि २०१९ मध्ये महाराष्ट्रातल्या सेविकांच्या हातात सरकारी मोबाईल आले. अंगणवाड्या एक लाखाहून जास्त, त्यामुळे फोनही तितकेच. अकरापैकी दहा नोंदवह्या त्या फोनमध्ये शिरल्या. ॲप मराठीत होतं. वजन टाकलं की वाढीचा आलेख आपोआप. आज कोणाकडे गृहभेट आहे याची यादी आपोआप. आणि रेंज नसली तरी हे सगळं चाले.

माझी एक जुनी विद्यार्थिनी भिवंडी तालुक्यात सेविका आहे, तिला मी याबद्दल विचारलं होतं. ती म्हणाली, “बाई, पहिल्यांदा भीती वाटली. मग एक दिवस फोनने स्वतःहून सांगितलं की अमक्या घरी जायचं राहिलंय. तेव्हा वाटलं, हे माझ्यासाठी पण आहे, नुसतं साहेबांसाठी नाही.” मला तिचं हे वाक्य कुठल्याही अहवालापेक्षा मोलाचं वाटतं. आयुष्यभर आम्ही शिक्षकांनी जी पत्रकं भरली ती वर गेली, पुन्हा कधी दिसली नाहीत. जी नोंद लिहिणाऱ्याच्या उपयोगी पडते ती माणूस खरी लिहितो. जी फक्त वर पाठवायची असते ती बसल्या बसल्या भरली जाते. हे कोणी मला पटवून द्यायला नको, मी पस्तीस वर्षं स्टाफरूममध्ये बसले आहे.

कॅसमध्ये दोषही होतेच. जसजशी महिन्यांची माहिती साठत गेली तसतसा दोन जीबी रॅमचा तो फोन हळू होत गेला. सगळं जवळ साठवायचं म्हटलं की घर कधीतरी भरतंच. २०२० मध्ये ते ॲप बंद झालं आणि १ मार्च २०२१ पासून ‘पोषण ट्रॅकर’ हे नवीन ॲप आलं. त्यात तेव्हा मराठी नव्हती आणि जुन्या फोनवर ते नीट चालेना. पुढे जे घडलं ते महाराष्ट्राच्या कामगार चळवळीत नोंदवून ठेवण्यासारखं आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यभरातल्या हजारो अंगणवाडी सेविकांनी आपले मोबाईल प्रकल्प कार्यालयांत नेऊन परत केले. मोबाईल हवा म्हणून आंदोलन झालेलं मी ऐकलं होतं, मोबाईल घ्या परत म्हणून झालेलं हे पहिलंच. भाषेचा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला. नंतर त्या ॲपमध्ये मराठीसह इतर भारतीय भाषा आल्या.

वर्तमानपत्रांतल्या काही पत्रलेखकांनी तेव्हा ‘बायकांना तंत्रज्ञान नको असतं’ असा सूर लावला होता. साफ चूक. याच बायकांनी दोन वर्षं ॲप चालवून दाखवलं होतं. त्यांना नको होती ती न वाचता येणारी भाषा आणि तापून बंद पडणारा फोन. ज्या नोंदीवर आपलं नाव आहे ती आपल्याला वाचता आली पाहिजे, ही मागणी तंत्रज्ञानविरोधी कशी?

असो. आता भाच्याच्या मूळ प्रश्नाकडे, नोंदी भांडतात तेव्हा काय करायचं. इथे मला आमच्या भिवंडीच्या वीटभट्ट्या आठवतात.

भिवंडी म्हटलं की लोकांना यंत्रमाग आठवतात, अलीकडे गोदामं. पण तालुक्यात वीटभट्ट्याही भरपूर. दिवाळी झाली की जव्हार, मोखाडा, शहापूरकडून कातकरी आणि इतर आदिवासी कुटुंबं मुलाबाळांसकट भट्टीवर येतात, आणि पाऊस तोंडावर आला की परत जातात. नव्वदच्या दशकात ‘विधायक संसद’ या संस्थेने या मुलांसाठी भट्ट्यांवरच भोंगाशाळा चालवल्या. ताराबाईंच्या कुरणशाळेची ही नात म्हणायला हरकत नाही.

आता असं धरा, एक दोन वर्षांची मुलगी आहे. मोखाड्याच्या सेविकेच्या फोनमध्ये तिचं नाव, तिची वजनं, तिचा आलेख. नोव्हेंबरात ती भिवंडीच्या भट्टीवर आली. इथल्या सेविकेने तिचं वजन केलं, पण गावाकडची नोंद तिच्यापाशी नाही, म्हणून नवीन नाव घातलं. नावही जरा वेगळं पडलं, कारण तिथे आजीने सांगितलं होतं, इथे बापाने सांगितलं. गावची सेविका तिच्या यादीत त्या महिन्यापुढे ‘गैरहजर’ किंवा ‘स्थलांतरित’ लिहिते. दोघींच्या फोनला रेंज आली. वर एकाच मुलीच्या दोन मुली झाल्या : एक गावी, जिचं वजनच नाही, आणि एक भट्टीवर, जिला भूतकाळच नाही. दोघींपैकी एकीचंही वजन घसरलेलं दिसत नाही, कारण घसरण दिसायला आधीचं आणि नंतरचं अशी दोन वजनं एकाच ओळीत लागतात.

भाच्याने सांगितलं की बऱ्याच प्रणालींत सोपा नियम असतो : शेवटी आलेली नोंद खरी, आधीची पुसायची. मी म्हटलं, शाळेत हे केलं असतं तर मला कारणे दाखवा नोटीस आली असती! आमच्या जनरल रजिस्टरात खाडाखोड चालत नसे. पहिली नोंद दिसत राहील अशी एक रेघ, वर नवीन नोंद, बाजूला सही. जन्मतारखेसारखी गोष्ट बदलायची तर मुख्याध्यापकांनाही परस्पर बदलता येत नसे, वरची परवानगी लागे. म्हणजे काही रकाने कोणीही भरावेत, काही एकट्याने बदलू नयेत, आणि पुसायचं तर काहीच नाही.

तो जरा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, २०११ साली मार्क शापिरो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी साधारण याच अंगाने मांडणी केली. नोंदी अशा ठेवायच्या की त्या कुठल्याही क्रमाने एकत्र आल्या तरी बेरीज तीच यावी. वजनं एकमेकांवर लिहायची नाहीत, एकाखाली एक लिहायची : अमुक तारखेला, अमुक सेविकेने, अमुक ठिकाणी. मग भांडण राहतच नाही. मोखाड्याचं सात किलो आणि भिवंडीचं साडेसहा किलो यांत ‘खरं कोणतं’ हा प्रश्नच चुकीचा. दोन्ही खरी. त्या अर्ध्या किलोत तर सगळी बातमी आहे.

पण ती मुलगी एकच आहे हे कोण सांगणार? यंत्राला ते कळत नाही. हद्द आखून दिली की काम भागतं हा जनगणनेचा नियम इथे मोडतो, कारण ही माणसं हद्द ओलांडूनच जगतात. जनगणनेने त्यांना एका रात्रीत मोजून प्रश्न सोडवला, पण अंगणवाडीला रोज रात्र कुठून आणायची? इथे दोन सेविकांनी एकमेकींशी बोलावं लागतं, आणि त्या बोलतातही, स्वतःच्या फोनवरून, स्वतःच्या पैशाने. महाराष्ट्र शासनाने २०२१-२२ च्या सुमारास स्थलांतराच्या नोंदीसाठी ‘महा एमटीएस’ ही वेगळी प्रणाली आणली ती याच कारणाने. कल्पना योग्य आहे. गावातून निघताना नोंद व्हावी आणि जिथे पोचतील तिथल्या सेविकेला ती मिळावी.

उलट दिशेने जाणाऱ्या गोष्टीही घडत आहेत. १ जुलै २०२५ पासून घरी न्यायच्या शिध्यासाठी लाभार्थीचा चेहरा फोनने ओळखणं देशभर सक्तीचं झालं. शिधा भलत्याच्या घरी जाऊ नये हा हेतू समजण्यासारखा आहे, गळती असतेच. पण चेहऱ्याची नोंद करताना ओटीपी लागतो, ओटीपीला फोन लागतो, फोनला रेंज लागते. आणि घरातला एकुलता एक फोन बहुतेक वेळा नवऱ्याच्या खिशात, नवरा कामावर. सेविका त्या बाईला दहा वर्षं ओळखते, तिच्या दोन्ही बाळंतपणांना तिनेच धावपळ केलेली असते. आणि तीच ओळख पटवायला तिला आता मनोऱ्याची परवानगी हवी. कॅसच्या वेळी रेंज गेली तर उशीर वरच्यांना होत असे. इथे थांबावं लागतं ते दारातल्या बाईला. भाच्याला मी म्हटलं, तुझ्या ॲपमध्ये एवढं एकच तपासून पाहा, रेंज गेली की कोण थांबतं?

माझ्या त्या विद्यार्थिनीच्या पर्समध्ये अजूनही एक दोनशे पानी वही असते. वजन आधी तिच्यात, मग फोनमध्ये. दुप्पट काम. तिला मी विचारलं, का गं? तर म्हणाली, “बाई, फोन बदलतात, ॲप बदलतात. ताईंची बदली होते. पोरं तीच राहतात.”

आणि भट्टीवरच्या त्या बायांकडे आणखी एक कागद असतो, माता बाल संरक्षण कार्ड. २०१० साली आरोग्य आणि महिला-बालविकास या दोन्ही खात्यांनी मिळून ते काढलं. लसी, वजनं, वाढीचा आलेख, सगळं त्या एका घडीच्या पुठ्ठ्यावर. मोखाड्याच्या सेविकेनेही त्यावरच लिहायचं आणि भिवंडीच्याही. मूल जिथे जाईल तिथे ते जातं, त्याला चार्जिंग लागत नाही. भट्टीवरच्या झोपडीत मी ते एकदा पाहिलं. पत्र्याच्या पेटीत, रेशनकार्डाबरोबर, दुधाच्या रिकाम्या पिशवीत गुंडाळून ठेवलेलं. पिशवीला वरून दोरा बांधलेला होता. आईला वाचता येत नव्हतं, पण कुठल्या पानावर वजन लिहायचं ते तिने बोट ठेवून दाखवलं.

भाचा आता त्याच्या ॲपमध्ये अशी सोय करतो आहे म्हणतो की नोंदीची एक प्रत कुटुंबाच्या हातातही राहील, छापून किंवा चौकोनी ठिपक्यांच्या खुणेत, आणि दुसऱ्या गावच्या सेविकेने रेंजशिवाय ती फोनवर वाचून घ्यावी. जमलं तर होळीला येऊन दाखवतो म्हणाला आहे. होळीपर्यंत भट्ट्या चालूच असतात.